फूल आणि दोन पाने
गोव्यातील शाळांत सामाजिक शास्त्र हा निव्वळ पाठांतराचा विषय झाला आहे, हे आपल्या अंकातील लेखात मांडलेले मत पटते. मात्र दोष पुस्तकाहून प्रश्नपत्रिकेचा अधिक आहे. माझ्या दहावीतील भाचीला १८ जून १९४६ (गोवा क्रांतिदिन) आणि १९ डिसेंबर १९६१ (गोवा मुक्तिदिन) या तारखा तोंडपाठ आहेत, परंतु १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे (चिन्ह फूल) की केंद्रशासित राहावे (चिन्ह दोन पाने) या प्रश्नावर माझ्या आजोबांनी फुलाला आणि आजीने, त्यांना न सांगता, दोन पानांना मत दिले होते, हे तिला यंदा गणेश चवथीला मूर्तीवर फळाफुलांची माटोळी बांधताना कळले. तासभर ती प्रश्न विचारत राहिली. असा एखादा प्रश्न घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून आणण्यासाठी परीक्षेत पाच गुण ठेवायला काय हरकत आहे?