आधी शूट, मग स्टोरीबोर्ड

मीडियाच्या वर्गात म्युझिक व्हिडिओचा प्रोजेक्ट मिळाला की काही भाबडी मुलं पहिल्याच दिवशी वही उघडून शॉट लिस्ट करायला बसतात. तुम्ही या फंदात पडू नका. नियोजनाला मार्क असतात हे खरं, पण ते नियोजनाच्या फाइलला असतात, आणि फाइल सबमिशनच्या आदल्या रात्री भरायची असते. तोवर ग्रुपचं नाव ठरवा. शेवटी 'प्रॉडक्शन्स' किंवा 'फिल्म्स' हवंच. मग लोगो, त्याच्यावर उडणाऱ्या ठिणग्या, मागे ढोल. पहिला आठवडा सत्कारणी लागला.

आता पदं वाटून घ्या. सहा जणांत चार दिग्दर्शक हे प्रमाण योग्य आहे. पाचवा कॅमेरामन, कारण कॅमेरा त्याच्या मावसभावाचा आहे. सहावी ती, जिचा लॅपटॉप बरा चालतो. एडिटिंग तिलाच करायचंय ही बातमी तिला शूट संपल्यावर द्या. आधी कळलं तर ती उगाच प्रश्न विचारत बसेल.

गाणं निवडताना सध्या सगळ्यांच्या रीलवर वाजतंय तेच घ्या. हक्कांची चिंता नको. खाली 'केवळ शैक्षणिक उपयोगासाठी' असं लिहिलं की झालं. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवते, तुमचं निवेदन वाचत नाही, हा तिचा दोष. ग्रुपमधलं एखादं आगाऊ पोर म्हणेल, "तुकोबांचा अभंग घेऊ, तो तर सगळ्यांचाच." लगेच हो म्हणा आणि एखाद्या नामवंत गायकाचं रेकॉर्डिंग उचला. शब्द तुकोबांचे असले तरी ध्वनिमुद्रणावरचा हक्क 1957 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो, ही असली माहिती सांगणाऱ्याला पुढच्या मीटिंगला बोलवू नका. तुमच्याच वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा स्वतः रॅप लिहितो आणि फोनवर बीट बनवतो, त्याला तर मुळीच विचारू नका. त्याचं गाणं फुकट मिळेल आणि ताबडतोब मिळेल. मग चर्चा कशावर करायची?

लोकेशनची रेकी, म्हणजे जागा आधी जाऊन बघून येणं, हा वेळेचा अपव्यय. पुण्यात असाल तर थेट शनिवारवाड्यावर जा, तेही रविवारी दुपारी. 1732 साली वास्तुशांत झालेला वाडा सहा मुलांना काय नाही म्हणणार? वाडा म्हणत नाहीच, पहारेकरी म्हणतो. फोनवर फोटो काढणाऱ्या शंभर जणांकडे तो ढुंकूनही पाहत नाही, पण तुम्ही ट्रायपॉडचे पाय उघडलेत की शिट्टी वाजते. स्मारक पुरातत्त्व खात्याचं आहे, परवानगी आधी काढावी लागते. चारही दिग्दर्शकांनी त्याच्याशी एकाच वेळी हुज्जत घालावी. नंतर सगळ्यांनी वेताळ टेकडीवर जावं. तिथे पोहोचेपर्यंत ऊन गेलेलं असेल. त्याला 'मूड' म्हणावं.

आता खरी कला. हिरो स्लो मोशनमध्ये चालत येतोय आणि ओठ मात्र गाण्याबरोबर हलतायत, असा शॉट तुम्हाला हवाच असणार. जाणकार यासाठी कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेमवर ठेवतात, सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, नट बिचारा घाईघाईने ओठ हलवतो, आणि 25 फ्रेमवर सोडलं की सगळं सुरात बसतं. तुम्ही गाणं नेहमीच्याच वेगाने लावा. एडिटच्या वेळी गायक अंतऱ्यावर पोहोचलेला असेल आणि तुमचा हिरो ध्रुवपदाच्या दुसऱ्या शब्दावर तोंड वासून उभा असेल. सरांनी विचारलं तर 'प्रेमातली विसंगती' म्हणा.

पावसाने हाकललं तर उरलेला शूट वर्गातच, ट्यूबलाइटखाली उरका. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. म्हणून तुम्ही 1/60 वर ठेवा. चेहऱ्यावरून सरकणाऱ्या काळ्या पट्ट्यांवर चित्र बिघडल्यासारखं दाखवणारा थोडा ग्लिच इफेक्ट चढवला की तो हेतुपुरस्सर वाटतो. ग्लिच इफेक्टने आजवर किती पोरांची अब्रू वाचवली आहे याची कुठे नोंद नाही.

मग एकदाची ती रात्र येते. 'फायनल', 'फायनल 2' आणि 'खरंच फायनल' यांतली एक फाइल रेंडर होत असताना नियोजनाचं काम हाती घ्या. हेच ते वरातीमागून घोडं, आणि ते चांगलं दौडतं. तयार व्हिडिओ लावा, दर चार सेकंदांनी थांबवा, दिसेल ते पेन्सिलीने चौकटीत उतरवा. झाला स्टोरीबोर्ड. कॉल शीटवर, म्हणजे शूटला कोणी किती वाजता यायचं त्या कागदावर, सकाळी साडेसहाची वेळ टाका. बजेटमध्ये वडापावला 'केटरिंग' लिहा. महिन्याभराच्या मीटिंगचे वृत्तांत लिहिताना तीन रंगांची पेनं वापरा, नाहीतर एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसतं.

धोका एकच आहे. बाहेरून आलेले परीक्षक फाइल चाळतात, व्हिडिओ बघतात, परत फाइल चाळतात. प्रत्येक चौकट पडद्यावर जशीच्या तशी. मग चष्मा वर करून विचारतात, "ऐनवेळी काहीच बदलावं लागलं नाही?" जन्मात कुठल्याही शूटला हे जमलेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून स्टोरीबोर्डात दोन-तीन चौकटी अशा घाला, ज्या तुम्ही शूटच केल्या नाहीत. एकीत शनिवारवाडा काढा, आणि ट्रायपॉड सरळ उभा दाखवा.