कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतू नका: ‘पाच मिनिटांत मशीन चालू’ या मेसेजला उत्तर

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या आणि दरवर्षीसारखी बरीच आउटबोर्ड मशीनं, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं, चालू करायच्या दोरीला दाद देईनात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंतची मासेमारी बंदी आणि त्यापुढचे खवळलेल्या दर्याचे दिवस मशीन उभं असतं, त्यामुळे यात नवल काहीच नाही. नेमक्या या दिवसांत मालवणपासून वरपर्यंत किनाऱ्यावरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘बोटीचं मशीन बंद? मेकॅनिकला पैसे देऊ नका! पाच मिनिटांत चालू!’ खाली पाच उपाय. जेट (कार्बोरेटरातलं पेट्रोल जायचं बारीक भोक) तारेने साफ करा. थेट कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून दोरी ओढा. चालता चालता मशीन दमलं तर लाइनीतला बल्ब (पेट्रोलच्या पाइपमधला हाताने दाबायचा रबरी गोळा) दाबत राहा. सगळा दोष इथेनॉलवाल्या पेट्रोलचा, म्हणून टाकीत थोडं स्पिरिट घाला. आणि तेल दुप्पट करा, मशीन जन्मभर टिकेल.

मी गेली वीस वर्षं हीच मशीनं उघडतोय. असे मेसेज येतात आणि जातात, मी उत्तर देत बसत नाही. या वेळी माझ्या भाच्याने दुसरा उपाय करून पाहिला. फोनवर त्याचं पहिलं वाक्य होतं, “मामा, जाळ भायर इलो!” उजव्या हाताची कातडी सोलली आणि भुवया गेल्या. हातातली पेट्रोलची उघडी बाटली त्याने घाबरून पाण्यात फेकली म्हणून बरं, ती होडीत पडली असती तर आज मी हे लिहायला बसलोच नसतो.

म्हणून दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो. पेट्रोल तापावं लागत नाही, उणे ४० अंशांच्या आसपासही त्याची वाफ पेट घेऊ शकते. कोकणातल्या उन्हात तर ओतता ओतताच वाफ सुटते. ही वाफ हवेपेक्षा जड, ती उडून जात नाही, होडीच्या तळाला फळ्यांखाली जाऊन बसते. वर तुम्ही मशीनचं टोपण काढलेलं, कार्बोरेटरचं तोंड उघडं, आणि दोरी ओढली की आत ठिणगी. मिश्रण फार पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) असेल किंवा रीडची, म्हणजे कार्बोरेटरमागच्या एकेरी झडपेची, पाकळी तुटलेली असेल तर मशीन कार्बोरेटरातून उलटा जाळ थुंकतं. तो जाळ तुमच्या हातातल्या बाटलीपर्यंत यायला वीतभर अंतर कापतो. जमिनीवर आग लागली तर माणूस पळतो. होडीत कुठे पळणार?

शिवाय टू-स्ट्रोक मशीनला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. बाटलीतलं कोरं पेट्रोल आत गेलं की पिस्टनवरचा तेलाचा थर धुऊन निघतो. आणि एवढं करून कळतं काय? मशीन चार सेकंद भडभडलं तर ठिणगी आहे, पेट्रोल पोचत नाही, एवढंच. हीच गोष्ट प्लग सांगतो. चोक देऊन आठ-दहा वेळा दोरी ओढा आणि प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओलाचिंब असेल तर पेट्रोल आहे, ठिणगी तरी नाही किंवा मशीन फ्लड झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. फ्लड झालं असेल तर चोक बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दोरी मारा. जाळाशी खेळ कशासाठी?

भाच्याच्या मशीनला झालं काय होतं? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद होता. बंदीच्या दिवसांत घट्ट केलेला, सोडायचा राहून गेला. पेट्रोल ओढलं गेलं तशी टाकीत पोकळी झाली आणि पुरवठा थांबला. मी पोचलो तेव्हा लाइनीतला बल्ब अजून चपटा होऊन बसला होता. मशीनने दुखणं कुठे आहे ते दाखवून ठेवलं होतं. पोराचं लक्ष मोबाइलवर होतं.

आता त्या बल्बाविषयी. ‘दाबत राहा, किनाऱ्याला पोचाल’ हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. फ्युएल पंपाचा पडदा ढिला झाला असेल तर एकाने बल्ब दाबत, दुसऱ्याने सुकाणू धरत होडी घरी आणता येते, मीही आणलीये. पण बल्ब दाबल्यावर मशीन उचल खातं, याचा अर्थ ठिणगी ठीक आहे आणि पुरवठ्यात खोट आहे. ते समजून न घेता दुसऱ्या दिवशी तीच होडी घेऊन पुन्हा वीस वाव खोल पाण्यात जाणं म्हणजे जिवाशी खेळ. बल्ब चपटा होत असेल तर अडथळा त्याच्या मागे, म्हणजे टाकीकडे आहे: हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी, दुमडलेला पाइप. कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठेतरी हवा ओढतोय किंवा त्याचा व्हॉल्व्ह गेलाय. कडक होत नाही आणि कार्बोरेटरकडून पेट्रोल गळतंय, तर कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल रोखणारी फ्लोटची सुई अडकलीये, अशा वेळी जोर लावून दाबाल तर पेट्रोल होडीत सांडेल. बल्बवरचा बाण मशीनकडे हवा आणि दाबताना बल्ब उभा धरायचा, बाणाचं टोक वर. मेसेजात यातलं एक अक्षर नाही.

माझ्याकडे मशीनसोबत आलेलं पुस्तक आहे, पानं तेलकट झालीयेत. त्यात ‘मशीन चालू होत नाही’ या तक्त्यात सुरुवातीलाच काय आहे? टाकी रिकामी, पेट्रोल खराब किंवा जुनं, फिल्टर तुंबलेला. पुढे पंप, मग प्लग. स्टॉप स्विचची क्लिप (ती नसली की मशीन चालूच होत नाही) लागलेली नाही हेही त्याच तक्त्यात आहे, आणि त्या क्लिपपायी मला किती जणांनी भर दुपारी बोलावलंय ते विचारू नका. टाकीपासून मशीनकडे असं बघत यायचं. कार्बोरेटर उघडायचा तो सगळ्यात शेवटी.

इथेनॉलच्या बाबतीत मेसेजवाल्याला थोडं मानावं लागेल. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता पंपापंपावर आहे, इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. दमट हवेत दोन महिने अर्धी टाकी ठेवली, त्यात वरून पावसाचं पाणी झिरपलं, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर बसतो. तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. मशीन ओढतं तळाचं, म्हणजे जवळपास बिनतेलाचं. हे खरंच वाईट आहे. पण त्यावर औषध म्हणून स्पिरिट? स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. ज्याने दुखणं आलं म्हणता, तेच अजून ओतायचं? टाकीच्या तळाचं आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत काढा, दहा मिनिटं ठेवा. खाली थर किंवा थेंब दिसले तर ते पेट्रोल वापरायचं नाही. टाकी रिकामी करा, फिल्टर बदला. पुढच्या बंदीला टाकीत पेट्रोल ठेवूच नका. मशीन पिंपातल्या पाण्यात चालू करून लाइन काढा आणि वाटी कोरडी होऊन आपोआप बंद पडू द्या.

राहिलं तार आणि तेल. जेटचं भोक मिलिमीटरच्या अंशात मोजलेलं असतं आणि पितळ मऊ. तार घातली की भोक मोठं, मग ते मशीन कायमचं जास्त पेट्रोल पिणार. क्लीनर मारा, हवा मारा, उजेडासमोर धरून बघा. अर्ध्या चोकवरच चालतं आणि मंद गतीला मरतं, तर मंद गतीला पेट्रोल देणारा पायलट जेट तुंबलाय. मंद चालतं पण थ्रॉटल दिल्यावर बसतं, तर पुरवठा किंवा वरच्या गतीचा मेन जेट.

तेल माझ्या पुस्तकात ५०:१ आहे, म्हणजे पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल, लिटरला २० मिलि. नव्या मशीनला पहिल्या १० तासांसाठी २५:१ दिलंय, ‘दुप्पट’ कदाचित तिथूनच आलं असेल. कायम दुप्पट घालाल तर प्लग काळे होतील, कार्बन साचेल, आणि त्याच जेटमधून पेट्रोल कमी जाऊन मिश्रण उलट पातळ होईल.

समुद्रात मशीन बंद पडलं तर टोपण काढण्याआधी नांगर टाका. वारा खडकाकडे नेत असेल आणि नांगर धरत नसेल तर मशीन सोडा आणि कोस्ट गार्डला १५५४ वर फोन करा.

मेकॅनिकचे पैसे वाचवा म्हणता, वाचवा. हवेचा स्क्रू, क्लिप, बल्ब, प्लग, बरणी, यातल्या कशालाच मी लागत नाही. पण ज्या ज्या ग्रुपवर हा मेसेज पुढे पाठवलात, तिथे परत जाऊन निदान दुसरा उपाय करू नका एवढं तरी लिहा. आमच्या गावच्या तीन ग्रुपांवर मी लिहिलंय, खाली भाच्याच्या हाताचा फोटो टाकलाय, त्याला विचारून.