फितूर म्हणण्याआधी भरतीचा कागद वाचा

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन रांगा लावल्या जातात. इकडे देशभक्त, तिकडे इंग्लंडच्या राजाला मिळालेले फितूर. मला ही मांडणी मुळीच पटत नाही. त्या युद्धात कोण कुठे उभा राहिला, हे अनेकदा भरतीचा मजकूर, थकलेला पगार आणि जमिनीची मालकी यांनी ठरवलं.

१ जानेवारी १७८१ च्या रात्री न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनजवळ अमेरिकन सरसेनापती वॉशिंग्टन यांच्या फौजेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केलं. मूळ भांडण एका ‘किंवा’चं होतं. भरतीच्या कागदावर ‘तीन वर्षं किंवा युद्ध संपेपर्यंत’ असं होतं. शिपाई म्हणत, यातलं जे आधी संपेल ते. १७७७ ला नाव नोंदवलं, म्हणजे मुदत भरली. अधिकारी म्हणत, जे नंतर संपेल ते. त्यात पगार कित्येक महिने थकलेला, आणि कागदी डॉलरचा भाव तर अमेरिकन काँग्रेसनेच, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी सभेनेच, मार्च १७८० मध्ये चाळीस कागदी डॉलरला चांदीचा एक असा मान्य केलेला. जुन्या शिपायांना भरतीच्या वेळी २० डॉलर मिळाले होते. आता नवी भरती करताना त्यांच्या डोळ्यांदेखत सोन्याची नाणी मोजली जात होती.

त्या रात्री कॅप्टन अ‍ॅडम बेटिन मारले गेले, हे विसरता येणार नाही. पण नंतर सुमारे दीड हजार शिपाई स्वतः निवडलेल्या सार्जंटांच्या मंडळाखाली शिस्तीत प्रिन्स्टनला गेले. न्यूयॉर्कमधले ब्रिटिश सेनापती क्लिंटन यांना वाटलं, ही फौज आयतीच हाती येते आहे. त्यांनी जॉन मेसनला निरोप देऊन पाठवलं, सोबत जेम्स ऑग्डेन हा वाटाड्या. चिठ्ठी शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळलेली होती. आत लिहिलं होतं: थकबाकी चुकती करू, माफी देऊ, आमच्याकडून लढण्याची सक्तीही करणार नाही. शिपायांनी दोघांनाही धरून दिलं आणि ११ जानेवारीला दोघे फासावर गेले. त्याबद्दल अमेरिकन बाजूने देऊ केलेल्या १०० गिनींचं, म्हणजे सोन्याच्या नाण्यांचं, बक्षीसही सार्जंटांनी घेतलं नाही.

आपल्या अधिकाऱ्यांवर बंदुका रोखणारे आणि शत्रूचा पैसा लाथाडणारे हे तेच लोक. निष्ठा देशाशी होती, भांडण कराराशी होतं.

तडजोड केली ती पेनसिल्व्हेनियाचे अध्यक्ष जोसेफ रीड यांनी. २० डॉलरवर भरती झालेल्यांची तीन वर्षं भरली असतील तर त्यांना सोडायचं ठरलं. घोळ इथे झाला. भरतीचे कागद वेळेत हाताशी नव्हते, म्हणून शिपायाची शपथच पुरावा मानली. तेराशेच्या आसपास लोक सुटले. कागद आले तेव्हा कळलं की बऱ्याच शपथा खोट्या होत्या. पुष्कळजण पुन्हा भरतीही झाले. त्याच महिन्यात न्यू जर्सीच्या पलटणीने तसंच बंड केलं, तेव्हा वॉशिंग्टननी फौज पाठवली. पुढाऱ्यांपैकी दोघांना गोळ्या घातल्या, आणि त्या त्यांच्याच सोबत्यांकडून झाडून घेतल्या. माझ्या मते या युद्धातला हा सगळ्यात क्रूर हुकूम होता.

गावांत तर गणवेशसुद्धा नव्हता. २० जून १७८० ला नॉर्थ कॅरोलिनात रॅमसोर्स मिलला शेजारी-पाजारी, सोयरे-धायरे एकमेकांवर तुटून पडले. ओळख एवढीच: स्वातंत्र्यवाद्यांच्या टोपीला पांढरा कागद, राजनिष्ठांच्या टोपीला हिरवी डहाळी. धुमश्चक्रीत कागद गळून पडला की आपला माणूस ओळखायचा कसा?

आणि बायका? मॅसॅच्युसेट्सची अ‍ॅना मार्टिन माहेरकडून आलेल्या जमिनीची मालकीण होती. नवरा ब्रिटिश तोफखान्यातला अधिकारी. १७७६ मध्ये इंग्रजांनी बॉस्टन सोडलं तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली, आणि पुढे राज्याने जमीन जप्त केली. तिच्या मुलाने, जेम्सने, १८०१ मध्ये दाद मागितली. राज्याचं म्हणणं, ती मागे राहू शकली असती. मुलाच्या वकिलांचं म्हणणं, बायकोने नवऱ्यामागे जाणं हे कायद्याने तिचं कर्तव्यच, मग तो राजद्रोह कसा? १८०५ मध्ये न्यायालयाने मुलाच्या बाजूने निकाल दिला आणि जप्ती रद्द झाली. अ‍ॅना स्वतः मनाने कोणत्या पक्षाची होती, हे जमीन परत मिळण्यासाठी कोणाला ठरवावंच लागलं नाही.