‘एक वाजव, गप्प बसतील’ हा सल्ला पोरांना देऊ नका

सध्या सोसायट्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: आमच्या वेळी चिडवणं, मारणं सगळं होतं, म्हणूनच आम्ही खंबीर झालो. आजची पोरं नाजूक. तक्रार करतो तो भित्रा; त्यांना तक्रार करायला नको, एक कानाखाली वाजवायला शिकवा. आणि बाहेर बोभाटा केलात तर बदनामी तुमच्याच पोराची. मी मुंबईत मराठी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या पालकांनीही हा मजकूर पुढे पाठवला, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला, त्रासाने पोरं खंबीर होतात. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांची पन्नाशीपर्यंत नोंद ठेवली गेली. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांना इतर मुलांनी छळलं होतं, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त आढळलं. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. छळ सोसूनही अनेकजण उभे राहतात, हे खरंच आहे. पण त्यांच्या मागे बहुतेकदा एखादी आजी, एखादा मामा, एखादी शिक्षिका असते. त्याचं श्रेय छळणाऱ्याला कशाला द्यायचं?

दुसरा मुद्दा, एक वाजवली की संपलं. आठवीतल्या एका मुलाचा आवाज बारीक होता. पाच जणांचं टोळकं त्याला ‘बायल्या’ म्हणायचं, मधल्या सुट्टीत त्याचा डबा उघडून त्यात खडूची भुकटी टाकायचं. वडील म्हणाले, एक ठेवून दे. त्याने कंपास पेटी फेकून मारली. समोरच्याच्या भुवईला खोक पडली आणि डायरीत शेरा आला तो यालाच, कारण सगळ्यांना दिसला तो त्याचा फटका. आधीचे कितीतरी दिवस कुणाला दिसलेच नव्हते. त्या संध्याकाळी क्लास सुटल्यावर तेच पाच जण स्टेशनच्या पुलावर त्याची वाट बघत उभे होते. एकाने पाच जणांना मारायचं, हा हिशेबच चुकीचा आहे. आणि त्रास देणारा नात्यातला मोठा माणूस असेल, क्लासचा सर असेल, तर दहा वर्षांच्या पोराने कुणाला वाजवायची?

हे थांबलं ते त्याच्या बाकावरच्या मुलामुळे. दुसऱ्या दिवशी तो स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. शर्टाचं बटण पिरगाळत होता, आवाज कापत होता. “बाई, त्याची चूक नाहीये. हे रोज करतात. मी बघतो.” मग डब्यापासून पुलापर्यंत सगळं सांगितलं, पाचही नावं घेतली. त्यातला एक त्याच्याच चाळीतला होता, रोज जिन्यात भेटणारा. म्हणून फॉरवर्डमधला तिसरा मुद्दा, तक्रार करणारा भित्रा असतो, हा मला सगळ्यात जास्त खुपतो. मी वर्गात पाहिलेलं सगळ्यात मोठं धाडस तेच. कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावर चित्रीकरण करून पाहिलं, तेव्हा बघणाऱ्या मुलांपैकी कुणी मध्ये पडलं की निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबत होता. दहा सेकंद! पण मध्ये पडणारं पोर तयार व्हायचं तर घरी ‘तू कशाला नाक खुपसतोस’ हे ऐकवणं आधी बंद व्हायला हवं.

आता बदनामीचा मुद्दा. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा मुलाची ओळख उघड करायला मनाई करतो. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत आणि शक्यतो महिला अधिकारी असावी, असं त्यात लिहिलंय. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. तक्रार खोटी ठरली तरी मुलाला शिक्षा नाही. उलट माहीत असून न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि दडपणारा संस्थेचा प्रमुख असेल तर ती एक वर्षापर्यंत जाऊ शकते. तेव्हा कुणी ‘शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू’ म्हणालं, तर हे कलम त्यांच्यासमोर ठेवा. कॉलेजातल्या रॅगिंगसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा वेगळा कायदा आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत प्रमुखाने चौकशी करायची असते.

घरी बोलता येत नसेल तर पोराला स्वतः १०९८ फिरवता येतो. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. फोन फुकट आहे, दिवसरात्र लागतो. हा नंबर पोरांना पाठ हवा.

एक गोष्ट त्या फॉरवर्डमध्ये नाही, पण आठवी-नववीच्या मुली मला सर्वात जास्त तीच सांगतात: इन्स्टाग्रामवर फोटो पसरवण्याची धमकी. अशा वेळी मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, पैसे किंवा आणखी फोटो पाठवू नका, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. आणि पालकांनो, मुलीने सांगितल्या सांगितल्या तिचा मोबाइल काढून घेऊ नका. घरी कळलं तर फोन जाईल, या एका भीतीने मुली महिनोन्महिने गप्प राहतात.