नुसता गेमचा डबा नव्हता तो

तुमच्या लेखात १९८२च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरला 'गेम खेळायचा डबा' म्हटलंय, तेवढं सोडून बाकी सगळं पटलं. आमच्याकडं काकांनी परदेशातून आणलेला ४८ के (किलोबाइट) मेमरीचा होता. रबरी बटणं, 'J' दाबलं की लोड, 'P' दाबलं की प्रिंट, अख्खा शब्द उमटायचा. गेम कॅसेटवरून चढायचा. टीव्हीच्या कडेला आधी लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे, आणि ती कर्कश किरकिर! चार-पाच मिनिटं कुणी हलायचं नाही. सोलापूरचा पूर्व भाग, भिंतीपलीकडं यंत्रमाग. व्होल्टेज जरा बसलं की मेमरी साफ.

पण खरी मजा बेसिकची, म्हणजे त्यावर स्वतः प्रोग्रॅम लिहायच्या भाषेची. शेजारचे मामा जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राची, पंचकार्डं पाडायचे (चादरीवरचा मोर त्या भोकांतूनच उतरतो). मी ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनात चित्र भरताना बघून म्हणाले, "हे तर आमचंच काम की रे! भोक पाडायचं का नाही, एवढंच." मग आलेखाच्या कागदावर त्यांनीच मोर काढून दिला, मी ओळीओळीचे आकडे प्रोग्रॅमच्या डेटात टाकले. एका चौकोनात मावेना, चार लागले. तरी पिसारा छाटावाच लागला, आणि मामांना ते काही रुचलं नाही.