शापाला कशाला दोष देता?

"गंडलं का गं ताई तुझं मेयो?"

15 जून 2025 च्या रात्री कोल्हापूरहून धाकट्या भावाचा मेसेज आला. पुढे तीन हसणारे चेहरे. दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन करून त्याला एवढंच सांगितलं, की डॉनेगॉलकडून हरलो त्याचं मला वाईट वाटलं नाही. कॅव्हनकडून हरलो त्याचं वाटलं. त्याला काही कळलं नाही. म्हणून ही पोस्ट. तिकडच्यांना कळावी म्हणून थोडी फोड करून लिहिते, इथल्यांनी सांभाळून घ्या.

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो नावाची काउंटी, म्हणजे जिल्हा आहे, तिथे कॅसलबारजवळ मी राहते. डॉनेगॉल, कॅव्हन याही अशाच काउंटी. एका नर्सिंग होममध्ये नर्स आहे. इथे आले तेव्हा गेलिक फुटबॉल कशाशी खातात ते माहीत नव्हतं. पंधरा-पंधराचे संघ, 70 मिनिटं. चेंडू हातात घेता येतो, पण घेऊन पळत सुटता येत नाही. चार पावलांच्या आत पायावर उडवून परत हातात घ्यायचा किंवा जमिनीवर टप्पा द्यायचा. खांब रग्बीसारखे उंच. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. वरून गेला तर एक. 2025 पासून गोलपासून 40 मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून मारून वरून घातला तर दोन. स्कोअर 1-15 असा लिहितात, म्हणजे एक गोल आणि पंधरा पॉइंट, एकूण 18.

आणि पगार कुणालाच नाही. मंगळवारी रात्री चिखलात सराव करणारा माणूस बुधवारी सकाळी शाळेत गणित शिकवत असतो. खेळाडू विकत घ्यायची भानगड नाही. ज्या गावचे त्या क्लबचे, ज्या काउंटीचे त्या काउंटीचे. हे मात्र मला पहिल्या दिवशी कळलं, कारण मी कोल्हापूरच्या पेठेत वाढलेली. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींची फुटबॉल मॅच असली की आमच्या घरात जेवणं बाराला उरकायची आणि आजी देवापुढे नाव घ्यायची ते तालमीचं. हल्ली तिथेही बाहेरचे खेळाडू येतात म्हणे, ते सोडा.

तर मेयो. ऑल-आयर्लंड ही काउंटी संघांची देशभराची स्पर्धा. तिचा सॅम मग्वायर कप मेयोने शेवटचा जिंकला 1951 साली, मीथला हरवून. त्यानंतर 1989 पासून 2021 पर्यंत अकरा वेगवेगळ्या वर्षी आम्ही फायनलला गेलो आणि अकराही वर्षी रिकाम्या हाताने परत आलो. त्यात दोनदा बरोबरी होऊन मॅच पुन्हा खेळली, तीही हरलो. 2016 च्या फायनलमध्ये डब्लिनला स्वतःच्या पायाने गोल करता आला नाही. त्यांचे दोन्ही गोल आमच्याच खेळाडूंनी स्वतःच्या जाळ्यात घातले. खोटं वाटत असेल तर शोधून बघा. पुन्हा खेळलेल्या मॅचमध्ये एका पॉइंटने गेलो. पुढच्या वर्षी परत डब्लिन, परत एक पॉइंट.

यावर इथे एक गोष्ट सांगतात. 1951 चा संघ कप घेऊन लॉरीतून परत येताना फॉक्सफर्ड गावात एक अंत्ययात्रा चालली होती. पोरं जल्लोषात, थांबली नाहीत. पाद्रीबाबा चिडले आणि म्हणाले, या संघातला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत मेयोला कप मिळणार नाही. असं काही घडल्याचा पुरावा कुणाकडे नाही, पण गोष्ट पोराटोरांना पाठ आहे. त्या संघातले शेवटचे खेळाडू पॅडी प्रेंडरगॅस्ट सप्टेंबर 2021 मध्ये वारले. त्याच महिन्यात, काही दिवस आधी, आम्ही टिरोनकडून फायनल हरलो होतो, पेनल्टी वाया घालवून.

म्हणजे हिशेबाने शाप फिटला. त्यानंतर काय झालं बघा. 2022 ला क्वार्टर फायनलमध्ये केरीकडून हरलो. 2023 ला क्वार्टर फायनलमध्येच, डब्लिनकडून, 12 पॉइंटनी. 2024 ला त्याच्याही आधीच्या फेरीत, आमच्याच मैदानावर, डेरीकडून पेनल्टी शूटआउटमध्ये. आणि 2025 ला गटातच. शाप होता तेव्हा निदान फायनलला तरी जायचो!

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि इथल्या बऱ्याच जणांना ते आवडत नाही. आपल्याला मोठ्या पराभवाचं दुःख करायची इतकी सवय लागली की हे हळूहळू पायऱ्या उतरत खाली येणं कुणाच्या लक्षातच आलं नाही. दर वर्षी "यंदा नशीब नव्हतं" म्हणायचं आणि एक पायरी खाली. फायनलमध्ये एका पॉइंटने हरलं की त्यावर गाणी होतात, गोष्टी होतात, माणसं बारमध्ये एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतात. गटात चौथा नंबर आला की त्याचं काय करायचं? त्याला गोष्टच नाही.

त्या गटाचा नियम ऐका. चार संघ, त्यातले तीन पुढे जायचे. म्हणजे नापास व्हायला मेहनत लागायची. ती आम्ही केली.

18 मे, रविवार. मॅकहेल पार्क, आमचं घरचं मैदान. दोनच आठवडे आधी इथेच कॉनॉक्टची, म्हणजे आमच्या प्रांताची, फायनल गॉलवेकडून दोन पॉइंटनी हरलो होतो, पण ते चालतं, गॉलवे शेजारी आहे, भाऊबंदकी आहे. कॅव्हन मात्र लीगच्या दुसऱ्या, म्हणजे आमच्या खालच्या डिव्हिजनमधला संघ. मी आणि माझा लेक स्टँडमध्ये. आजूबाजूला रिकाम्या खुर्च्या बऱ्याच, जे आले होते तेही मॅच जिंकल्यातच जमा धरून बसलेले. समोरच्या रांगेतल्या बाई फॉइलमध्ये गुंडाळलेले हॅम सँडविच काढून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटत होत्या, त्यातलं एक माझ्या पोराला. उत्तरार्धात त्या बाईंनी फॉइलची गोळी करायला सुरुवात केली. आधी लिंबाएवढी होती. मग सुपारीएवढी. शेवटी हरभऱ्याएवढी घट्ट झाली होती. कॅव्हन 1-17, मेयो 1-14. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी ओरडलं नाही. माणसं उठून गाडीकडे गेली, ट्रॅफिक लागायच्या आत. मला त्या शांततेचीच भीती वाटली. आमच्याकडे तालीम अशी हरली असती तर रात्री बारापर्यंत चौकात भांडणं झाली असती.

त्याच आठवड्यात मॅनेजर केव्हिन मॅकस्टे तब्येतीच्या कारणाने बाजूला झाले आणि स्टीफन रॉचफर्डनी सूत्रं हातात घेतली. पुढच्या शनिवारी हाच संघ ओमाला जाऊन टिरोनला त्यांच्या घरात हरवून आला. तेच टिरोन पुढे सेमीफायनलपर्यंत गेलं. आता बोला. खेळता येत नाही असं नाही, येतं. पण कुणीतरी हिणवल्याशिवाय अंगात येत नाही.

मग 15 जून, रॉसकॉमनचं हाइड पार्क, समोर डॉनेगॉल. बरोबरी झाली असती तरी आम्ही पुढे जात होतो. शेवटी शेवटी फर्गल बोलंडने बरोबरी केलीही. लेकाने मला मिठी मारली. मिठी सुटेपर्यंत डॉनेगॉलचा कीरन मूर आमच्या पोरांच्या मधून पळत येऊन चेंडू दांडीवरून घालून मोकळा झाला होता. 0-19 विरुद्ध 1-15. एका पॉइंटने. आणि बघा, स्टँडमधले लोक लगेच ओळखीच्या मुद्रेत आले. हात डोक्यावर, नजर आभाळाकडे, "अरेरे, परत एकदा." एक पॉइंट, शेवटचा क्षण! हे दुःख आम्हाला येतं, याची तालीम झालेली आहे. पण बाद आम्ही त्या मूरच्या पॉइंटने झालो नाही हो. कॅव्हनचे आणि आमचे गुण शेवटी सारखेच होते. आपसातली मॅच त्यांनी जिंकली म्हणून ते तिसरे. आम्ही बाद झालो ते 18 मेला, ट्रॅफिक लागायच्या आत.

कारणं काय? मी काही जाणकार नाही, पण डोळे आहेत. नवे नियम आले आणि खेळ मोकळा झाला. गोलकीपरने मारलेली किक कमानीबाहेर गेलीच पाहिजे, त्यामुळे मैदानाच्या मधोमध उंच उडून चेंडू झेलण्याला पुन्हा किंमत आली. दोन्ही बाजूंचे तीन-तीन खेळाडू कायम पलीकडच्या अर्ध्यात ठेवावे लागतात. लांबून दोन पॉइंट मिळतात. केरीने, डॉनेगॉलने हे चटकन अंगात भिनवलं. आमची पोरं मात्र कमानीजवळ येऊन आडवा पास, परत आडवा पास. लांबून मारायला कुणी धजायचं नाही, एक रायन ओ'डोनोह्यू सोडला तर. सगळं त्याच्या खांद्यावर. फुल-फॉरवर्डला, म्हणजे समोरच्या गोलच्या अगदी पुढे, उभे एडन ओ'शे, 2009 पासून खेळतायत. 2012 पासूनच्या सगळ्या फायनल हरलेला माणूस, त्याला दोष देणाऱ्यांचा मला राग येतो. पण पस्तिशीच्या माणसाकडे अजून बघावं लागतं, याचा अर्थ त्याच्या मागे रांग नाही.

रांग का नाही, हा खरा प्रश्न. मेयोने 21 वर्षांखालच्यांची ऑल-आयर्लंड शेवटची जिंकली 2016 ला. त्यानंतर त्या वयोगटात कप नाही. सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरलेला ओशिन मलिन 2022 च्या शेवटी ऑस्ट्रेलियाला गेला, तिथल्या फुटबॉलमध्ये पगार आहे. त्याला नावं ठेवायचा मला तरी अधिकार नाही. मी स्वतः पगारासाठीच इथे आले. आख्ख्या काउंटीची लोकसंख्या 1 लाख 38 हजारांच्या आसपास, त्यातली वीस-पंचविशीतली पोरं डब्लिनला नोकरीला. तिथून सरावाला यायचं म्हणजे जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर, पेट्रोलचे पैसे मिळतात, झोप कोण देणार?

आणि काउंटीचा खेळ चालवणारं मंडळ. जून संपता संपता निवेदन आलं की मॅकस्टे आणि त्यांच्या सगळ्या सहकाऱ्यांना पदमुक्त करण्यात येत आहे. बदल हवा होता, मान्य. पण माणूस आजारपणातून उठतोय, आयुष्यभर या काउंटीसाठी राबलाय, त्याला असा कोरडा कागद? भाषेवरून बरीच बोंब झाली आणि ती व्हायलाच हवी होती. आपल्याकडे शिपाई निवृत्त झाला तरी शाल-नारळ देतात.

"गट अवघड होता" असं म्हणणारेही भेटतात. होता की. डॉनेगॉल फायनलला गेलं, टिरोन सेमीला. पण त्यातल्या टिरोनला आम्ही हरवलं आणि डॉनेगॉलला घाम फोडला, मग अवघड कोण होतं? मार्चच्या शेवटी लीगच्या, म्हणजे ऑल-आयर्लंडच्या आधी होणाऱ्या वेगळ्या स्पर्धेच्या, फायनलला आम्ही डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात होतो, केरीसमोर. हरलो, पण होतो. त्याच केरीने जुलैत सॅम मग्वायर कप उचलला. मार्च ते मे, दोन महिन्यांत काय झालं याचा जाब कुणी मागितला का? आम्ही प्रेक्षकांनी तरी?

आमच्या नर्सिंग होममध्ये एक आजोबा आहेत, वय 84. 1951 ची फायनल त्यांनी शेजारच्या अंगणात रेडिओवर ऐकली, दहा वर्षांचे असताना. रेडिओ खिडकीत ठेवलेला आणि सगळी वाडी बाहेर गवतावर. मॅच संपल्यावर त्यांच्या वडिलांनी टोपी काढून नुसती झटकली आणि गाईंची धार काढायला गेले, एवढंच त्यांना आठवतं. मी शापाचं विचारलं तर म्हणाले, "पोरी, शाप असता तर बरं झालं असतं. शापाला उतारा असतो."

ऑगस्टमध्ये अँडी मोरन नवे मॅनेजर झाल्याची बातमी मीच त्यांना सांगितली, सकाळच्या गोळ्या देताना. मोरन म्हणजे 2017 चे देशातले सर्वोत्तम फुटबॉलपटू, इथले लाडके. आजोबा म्हणाले, "पण तो बॅलाहाडेरीनचा. पत्ता रॉसकॉमनचा."

हे एक गंमतशीर प्रकरण आहे. बॅलाहाडेरीन पूर्वी मेयोत होतं. 1898 च्या कायद्याने ते रॉसकॉमन काउंटीला जोडलं. गावाने कागदावर ते मानलं, पण फुटबॉल क्लब आजही मेयोकडूनच खेळतो. सव्वाशे वर्षं! हे ऐकल्यावर माझ्यातला मराठी माणूस गप्प बसणं शक्य नव्हतं. मी गोळ्यांची ट्रे बाजूला ठेवली आणि आजोबांना बेळगाव सांगितलं. भाषावार प्रांतरचना, 1956, निपाणी, कारवार, सुप्रीम कोर्टातला दावा, काळा दिवस, सगळं. चांगली दहा मिनिटं मी बोलत होते. आजोबांनी एकदाही मध्ये तोडलं नाही, अगदी मन लावून ऐकलं.

मग पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं, "त्या तुमच्या बेळगावात कुणी चांगला फुल-फॉरवर्ड आहे का?"