क्रिस्पी : ज्याला सगळीकडे कटच दिसले

इटलीचं एकीकरण म्हटलं की आपल्याकडे मॅझिनी आणि गॅरिबाल्डी. त्यातही मॅझिनी जास्त, कारण सावरकरांनी त्याचं आत्मचरित्र १९०७ मध्येच मराठीत आणलं. फ्रान्चेस्को क्रिस्पीचं नाव क्वचितच निघतं. मला विचाराल तर त्या मंडळींत सगळ्यांत वाचनीय माणूस हाच. आवडेल असं मात्र नाही.

हा सिसिलीतल्या रिबेराचा. घराणं मूळचं अल्बेनियन, आजोबा धर्मगुरू. पालेर्मोत कायदा शिकला, नेपल्समध्ये वकिली थाटली. १८४८ मध्ये पालेर्मोत, सिसिलीवर राज्य करणाऱ्या नेपल्सच्या राजाविरुद्ध, उठाव झाला आणि वकीलसाहेब त्यात उतरले. पुढच्या वर्षी उठाव चिरडला गेला. मग दहा वर्षं नुसती वणवण. तुरीन, माल्टा, लंडन, पॅरिस. मधे पिएमाँतमधल्या एका छोट्या गावात नगरपालिकेच्या चिटणीसपदासाठी अर्ज केला, तोही नामंजूर! १८५९ मध्ये खोट्या पासपोर्टवर सिसिलीत शिरून साथीदारांना बॉम्ब बनवायला शिकवून आला.

पण खरा क्रिस्पी दिसतो तो एप्रिल १८६० मध्ये. सिसिलीत बंड पेटलेलं, गॅरिबाल्डी जायचं की नाही या विचारात. माल्टाहून सांकेतिक तार आली. पहिला अर्थ लागला : बंड संपलं. गॅरिबाल्डीने बेत सोडला. दोनेक दिवसांत क्रिस्पी म्हणाला, वाचताना चूक झाली. पालेर्मो शहरात हरलो, पण बाहेर लढाई चालू आहे. मे महिन्यात गॅरिबाल्डीबरोबर हजारएक माणसं सिसिलीकडे निघाली आणि पुढचा इतिहास घडला. हा दुसरा अर्थ त्याने स्वतःच रचला, असा संशय अनेक इतिहासकार घेतात. मलाही तेच पटतं. स्वभावाला धरून आहे.

त्या हजारांत एकच बाई होती, क्रिस्पीची बायको रोझालिया मॉन्मासाँ. पूर्वी कपडे धुऊन पोट भरणारी. परागंदा असताना माल्टात त्यांनी लग्न केलं होतं. १८७८ मध्ये गृहमंत्री असलेल्या क्रिस्पीने आणखी एक लग्न केलं, आणि माल्टातलं लग्न लावणाऱ्या पाद्र्याला तसा अधिकारच नव्हता, असा बचाव उभा केला. मंत्रिपद गेलं, कोर्टात मात्र सुटला. वकिलीचं शिक्षण इथे कामी आलं, दुसरं काय! एवढं होऊनही दहाच वर्षांत हा पंतप्रधान.

लोक म्हणतात, सत्ता मिळाली आणि क्रांतिकारक बदलला. मला तसं वाटत नाही. १८९३ मध्ये सिसिलीतले शेतकरी आणि मजूर 'फाशी' (इटालियनमध्ये 'जुड्या', म्हणजे गट; आपली फाशी नव्हे) नावाच्या संघटना बांधून जमिनीचा खंड कमी करा, कर हटवा म्हणत होते. डिसेंबरात क्रिस्पी पुन्हा पंतप्रधान झाला आणि जानेवारीत त्याने स्वतःच्याच बेटावर लष्करी कायदा लावला. सैन्य सुमारे ४० हजार. वर संसदेत सांगितलं की यामागे परकीय हात आहे. पुरावा म्हणून ज्या गुप्त कराराचा हवाला दिला, तो बनावट होता. आयुष्यभर ज्याने मूठभर माणसांच्या कटांतून इतिहास घडवला, त्याला उपाशी माणूस आपणहून रस्त्यावर येऊ शकतो हे पटणारच कसं?

फाशींचा नेता, खासदार दे फेलिचे, याला लष्करी न्यायालयाने १८ वर्षांची शिक्षा दिली. १ मार्च १८९६ रोजी इथिओपियात अडोव्याला इटालियन फौजेचा धुव्वा उडाला, क्रिस्पी पायउतार झाला, आणि त्याच महिन्यात नव्या सरकारने फाशींच्या कैद्यांना माफी दिली.